कोट तेवढा खरा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. नुसता पुठ्ठा म्हटले की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून लगेच सांगून टाकतो, मी एका जॅझ रेकॉर्डचे कव्हर आहे. माझ्या पोटात जी काळी तबकडी असायची, तिच्यात एक माणूस ट्रम्पेट वाजवतो. आणि माझ्या तोंडावर जो देखणा माणूस ट्रम्पेट धरून उभा आहे, त्याला साधी शिट्टीसुद्धा वाजवता येत नव्हती. हे सांगताना मला आजही मेल्याहून मेल्यासारखे होते. पण पुठ्ठ्याला मान खाली घालता येत नाही. सगळे आयुष्य मी येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला नजर देत काढले.

खरा वाजवणारा फोटो काढायला आला, तेव्हा इस्त्रीचा कोट घालून आला होता. कोटाचे तिसरे बटण बाकीच्यांपेक्षा लहान होते, कारण मूळचे हरवले होते आणि बायकोने घरात सापडले ते लावून दिले होते. त्याच्या डाव्या गालावर जन्मापासून मोठा जांभळा डाग होता. फोटोवाल्याने दिवे लावले, इकडून बघितले, तिकडून बघितले. कंपनीचे मालक खुर्चीत बसून हे पाहत होते.

"डाग छपाईत शाई सांडल्यासारखा दिसेल," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक कव्हर परत आणेल."

फोटोवाल्याच्या खोलीखाली एक सलून होते. तिथल्या केस कापणाऱ्याचे नाक सरळ आणि केस दाट होते. त्याला हातातली कात्री ठेवून वर बोलावण्यात आले. त्याच्याकडे कोट नव्हता, म्हणून वाजवणाऱ्याने आपला काढून दिला. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. मग तो बिचारा नुसत्या शर्टावर दिव्यामागे उभा राहिला आणि सलूनवाल्याला म्हणाला, "कोपर जरा वर घ्या. हं, आता छान दिसताय. माझ्यापेक्षा बरे."

सगळे हसले. तोही हसला. माझा जन्म हा असा झाला, मित्रांनो.

माझ्या पाठीवर मात्र मालकांनी काड्यापेटीएवढा एक फोटो छापू दिला. तो फोटोवाल्याने ध्वनिमुद्रण चालू असताना काढला होता. त्यात खरा माणूस वाजवतो आहे. "मागे कोण बघतंय?" असे मालक म्हणाले होते, आणि त्यांचे काही चुकले नाही.

पुढे माझी फार वाहवा झाली. दुकानाच्या काचेत मला मधोमध ठेवत. लोक आधी मला हातात घेत आणि मग कधीतरी आत काय आहे ते विचारत. कार्यक्रमाच्या ठिकाणी लोक वाजवणाऱ्यालाच विचारायचे, "ते कव्हरवरचे साहेब कुठे आहेत?" तो ट्रम्पेट पुसत म्हणायचा, "येतील मागून." हे त्याने घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितले. बायको हसली नाही.

त्याची मुलगी पाऊल टाकायला लागायच्या आत तो तापाने गेला. डागापायी एरवी जन्मभर तो कॅमेऱ्याला तोंड चुकवत आला होता. लग्नाच्या फोटोतही त्याने ऐन वेळी मान फिरवली होती, त्यात त्याचे फक्त केस दिसतात. आई मुलीला घेऊन दुसऱ्या गावी टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला गेली. तिथे त्याला पाहिलेले कोणी नव्हते.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने माझ्यावर बोट ठेवून विचारले, "बाबा?" आईने कोटाचे तिसरे बटण पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. मोठी झाली की सांगू, असे तिच्या मनात होते. मग शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या. एकजण म्हणाली, "तुझे बाबा काय मस्त दिसतात गं." मुलीचा चेहरा असा फुलला की दुसऱ्याच दिवशी आईने मला फ्रेम करून आणले. फ्रेमवाल्याने माझ्या पाठीला खाकी कागद चिकटवला. ओल लागू नये म्हणून, असे तो म्हणाला.

तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्याकडे बघून "येते हं, बाबा" म्हणायची. आरशात स्वतःचे बसके नाक पाहून खट्टू व्हायची आणि म्हणायची, "मी बाबांवर गेलेच नाही." मला धरणी पोटात घेईल तर बरे असे वाटायचे. सांगावेसे वाटे, अगं वेडे, हा तुझा कोणी नव्हे, मला पालथे कर. पण तोंड माझे कुठे होते? ते सलूनवाल्याचे होते.

मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. एक दिवस तिने जुना ट्रम्पेट विकत आणला. बाबांसारखे वाजवायचे, असे तिने ठरवले होते. बँडमधून निवृत्त झालेले एक सर तिला शिकवायला घरी यायला लागले. ओठ कसे ठेवायचे ते तिला जमेना, तेव्हा तिने माझ्याकडे बोट केले. "असे ना, सर?"

सर जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी मला बराच वेळ पाहिले.

"हे नुसते उभे राहिलेत," ते हळूच म्हणाले. "ओठ मिटलेलेच नाहीत. असं फुंकलं तर वारा जाईल, सूर यायचा नाही. यांनी कधी वाजवलेलं दिसत नाही."

सर गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती.

"आई, भिंतीवर कोण आहे?"

आईचा हात थांबला. "कोट त्यांचाच आहे," ती म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. मुलगी उभीच होती.

"मग बाबा कुठे आहेत?"

"मागे."

तिने मला खाली उतरवले. सुरीने खाकी कागद सोडवला. कामावरचे भिंग आणले आणि माझ्या पाठीवर धरले. डोळे घट्ट मिटलेले, नाक बसके, गाल टम्म फुगलेले आणि त्यावर डाग. कान बाहेर आलेले, थेट तिच्यासारखे.

"त्या मैत्रिणीचं बोलणं ऐकून मलाही बरं वाटलं होतं गं," आई म्हणाली. "असा नवरा असता तर, असं एकदा मनात आलं. त्याची लाज वाटते. म्हणून सांगायचं राहत गेलं."

त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या जेवल्या. दुसऱ्या दिवशी तिने मला परत टांगले, पण पाठ बाहेर करून. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा मी आता भिंतीकडे तोंड करून असतो, आणि खरे सांगतो, इतका निवांत मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, जुने कव्हर हाती आले तर त्याला उन्हात टाकू नका, ओल लागू देऊ नका. आणि पुढचा चेहरा पाहून झाला की एवढे करा, ते उलटून बघा.

ती आता रोज सराव करते. परवा सर रागावले, "गाल फुगवू नका, चुकीचं आहे ते." तिने माझ्या पाठीकडे पाहिले, "हो सर" म्हणाली, आणि पुन्हा टम्म फुगवले.