सहाचे सात

आमच्या प्रसूतिगृहात एक शिस्त आहे: जो बाळाला हात लावतो, त्याने गुण द्यायचे नाहीत. हात लावला की माया लागते आणि माया हिशेबात कच्ची असते. म्हणून गुण देणारीने हात मागे बांधून उभं राहायचं आणि फक्त बघायचं. रंग, नाडी, श्वास, हातापायांतली ताकद आणि तळव्याला टिचकी मारली तर बाळ किती चिडतं, या पाच गोष्टींना प्रत्येकी जास्तीत जास्त दोन गुण. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. दहापैकी दहा सहसा कुणाला मिळत नाहीत, कारण हातपाय थोडे निळे असतातच. त्यावरून घरी माझी चेष्टा चालते. सासूबाई म्हणतात, "सूनबाईंच्या हातून देवालाही नऊच मिळायचे."

नणंदेने हट्ट धरला की बाळंतपणाला वहिनीच हवी. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "नात्यातल्या बाईने बाळंतपण करायचं नाही. सिस्टर, तुम्ही नुसते गुण द्या." त्या 'नुसते'चा मला राग आला. नणंदेचं पहिलं बाळ वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत गेलं होतं, ते परत आलं नाही. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी गुण आले की बाळ तिथे जातं. सात मिळाले तर आईच्या कुशीत राहतं. हे नणंदेला माझ्याइतकंच पाठ होतं.

मुलगी झाली, पण रडली नाही. पहिल्या मिनिटाला तीन.

डॉक्टरबाई तिच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होत्या. मला त्या पोरीची पाठ चोळायची होती, पण माझे हात मागे एकमेकांत रुतले होते. दार दोन पावलांवर होतं. बाळ धरून आम्ही चौघी त्या खोलीत होतो आणि सुटका एकीचीही नव्हती.

"वहिनी, किती?" नणंदेने विचारलं.

"थांब गं जरा."

मग पोर मांजरीच्या पिलासारखी कुरकुरली. पाचवं मिनिट भरलं. नाडीला दोन, बाकी सगळ्याला एकेक. मी पुन्हा मोजलं. पुन्हा मोजून गुण वाढतात थोडेच!

"सात म्हण," नणंद म्हणाली. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. "एकच तर वाढवायचाय. तिला वर पाठवू नकोस, वहिनी. तुझ्या पाया पडते."

"सिस्टर, आकडा?" डॉक्टरबाईंनी मान वर न करताच विचारलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. सात म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. घरी तर मला डोक्यावर घेऊन नाचले असते. पण पोरीचा श्वास मध्येच अडकत होता, आणि तो बघायलाच तर मला तिथे उभं केलं होतं.

"सहा," मी म्हणाले.

नणंद रडली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाळाला वर नेलं. बाहेर सासूबाई म्हणाल्या, "परकी असती तरी तिने एक गुण पदरात टाकला असता!" त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला. जेवताना माझ्यासमोरचं मीठसुद्धा त्या माझ्या नवऱ्याकरवी मागत. पोरीला वर काही झालं असतं तर तिला तिथे धाडणारी मी. खाली ठेवून झालं असतं, तरी मीच.

वर तिचा श्वास दोनदा थांबला. तिथल्या सिस्टरने तो दोन्ही वेळा सुरू केला. हे मी घरी बोलले नाही. मला कुणावर कुरघोडी करायची नव्हती.

काही दिवसांनी वर गेले, तर लंगोट बदलताना पोरीने सगळी खोली डोक्यावर घेतली होती. मी सवयीने हात मागे बांधून उभी राहिले आणि बघत राहिले. मग खाली येऊन नणंदेच्या खाटेशीही तशीच उभी राहिले. ती भिंतीकडे तोंड करूनच पडली होती.

"आत्ता तिला बघून आले. लाथा मारतेय. गुण द्यायचे झाले तर नऊ."

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात बरी आहे, आई म्हणते बरी आहे. मागच्या खेपेलाही सगळे हेच म्हणत होते." ती माझ्याकडे वळली. "नऊ? तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

तेव्हा ती रडली, मोठमोठ्याने. मागे बांधलेले हात सोडून मी तिला धरलं.