निळ्या ठिपक्याची डिस्क

मित्रांनो, मी एक हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपच्या पोटातली नव्हे, वायरीने बाहेरून जोडायची. फार जुनी नाही. पण माणगावच्या दुकानात काचेमागे इतकी पडून होते की गिऱ्हाइकाचं तोंड बघूनच कळायचं, हा घेणार की नुसता भाव विचारून जाणार. दिघीचा कैस घेणाऱ्यांतला निघाला. त्याने मला बहिणीसाठी, तस्नीमसाठी आणलं, आणि तिने मला मेंदीच्या कोनांशेजारी खणात टाकलं. माणसांची रीतच ती. कौल गळेपर्यंत छप्पर कोण बघतो?

मग तस्नीमचा लॅपटॉप कण्हू लागला. त्याच्या पोटातली डिस्क, म्हणजे माझी थोरली जाऊ, खरखरत होती. तिच्या घरात दोन संसार, एक विंडोजचा, एक लिनक्सचा. लॅपटॉप सुरू केला की पडदा विचारायचा, कोणाकडे जायचं? कैसच्या हळदीचं गाणं होतं लिनक्सकडे. जैतून खाला, म्हणजे तस्नीमची मावशी, कतारला मुलाकडे जाण्याआधी ते गाऊन, रेकॉर्ड करून गेली होती. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती नुसती कुजबुजते. तिचा आवाज, बायकांच्या टाळ्या, डफ, सगळे तुकडे सुटे होते. ते जुळवायचं सॉफ्टवेअर त्या लिनक्समध्येच, आणि हळद उद्यावर आलेली.

"माझ्या बहिणीच्या आवाजाशिवाय हळद लागायची नाही," तस्नीमची अम्मी सुगरा म्हणाली. "मग नवरदेव पांढराच राहू दे!"

तस्नीमने थोरलीची हुबेहूब नक्कल माझ्यावर उतरवली. मी मनातून फुगले. म्हटलं, आता कारभार आपला! पण झालं भलतंच. लॅपटॉप सुरू केल्यावर पहिला मेनू माझ्यावरचा यायचा, आणि 'लिनक्स' निवडलं की लॅपटॉप जायचा थोरलीच्या दारात. तिथे खरखर, मग काळा पडदा.

"हिला बाहेरच काढते," म्हणत तस्नीमने लॅपटॉप पालथा घातला. पण खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने स्क्रू असे गंजलेले, की स्क्रूड्रायव्हर फिरे, स्क्रू जागचा हलेना. तस्नीमच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. आमच्याकडे लग्नघरी स्वयंपाकाला शेजारपाजारची मोठी पातेली, म्हणजे टोप, येतात. अदलाबदल नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, घराघराचा रंग वेगळा. हे काम तस्नीमचं. पण तिचं डोकं माझ्यात अडकलेलं. त्या नादात तिने अम्मीच्या आणि शेजारच्या मनुबाईच्या टोपांना एकच लाल ठिपका लावला. दोन्ही टोप एका दुकानातले, एका मापाचे.

"सुगरा, यातला माझा कुठला गो?" मनुबाईने विचारलं.

"लाल ठिपक्याचा."

"दोन्ही लालच हायत!"

"मग चकचकीत तो माझा."

"व्वा गो बाय! आणि करपलेला तेवढा मनुबाईचा! बरा न्याय हाय!"

"तस्नीम!" सुगरा ओरडली. "एवढी शिकलीस, आणि दोन टोपांना एक ठिपका?"

तस्नीम हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट दारात आली. टोपांकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. आणि एकदम हसत सुटली.

"अम्मी, मी डिस्कलापण लालच ठिपका लावलाय!"

"या अल्ला! डिस्कला नेलपॉलिश?"

तसं नव्हे, मित्रांनो. डिस्कवरच्या प्रत्येक भागाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. नक्कल करताना थोरलीचा क्रमांकही माझ्यावर जसाच्या तसा आला होता. लॅपटॉप क्रमांक वाचून घर शोधतो. दोघींचा एकच, मग जी आधी दिसेल तिच्या दारात तो जाणार. बिचाऱ्याचा काय दोष?

तस्नीमने एका पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला आणि मला नवा क्रमांक दिला. एवढ्यावर टाळी वाजवली, ती फुकट गेली. माझ्या मेनूत जुनाच क्रमांक होता! टोपाचा ठिपका बदलला, पण वाढप्यांना सांगितलंच नाही, तशातली गत. तिने कपाळाला हात लावला, मेनूत आणि लिनक्सच्या आतही नवा क्रमांक घातला आणि लॅपटॉप पुन्हा लावला.

या वेळी तो माझ्या दारात आला! वायरीवर नांदायला विंडोज मात्र तयार झालं नाही. ते राहिलं थोरलीकडेच. राहू दे. रुसणारा एक पाहुणा प्रत्येक लग्नात असतो.

दुसऱ्या दिवशी हळदीला खालाचा आवाज अंगणभर घुमला. सुगराचे हळदीचे हात कैसच्या गालावरच थांबले. मोबाइलच्या पडद्यावर कतारहून खाला स्वतःचंच गाणं ऐकत होती. गाता येईना, म्हणून ती टाळ्या वाजवू लागली, आणि सगळ्या बायकांनी तिच्या टाळीत टाळी मिसळली. मनुबाई तर आपला, आता हिरवा ठिपका मिळालेला टोपच बडवत होती.

तस्नीमने तेव्हा माझ्या पाठीवर निळा ठिपका लावला. तो मी अजून मिरवते.

तेव्हा मित्रांनो, तुमची डिस्क कण्हायची वाट बघू नका. ती धडधाकट आहे तोवरच नक्कल करा. थोरलीला नावं ठेवू नका. खरखरत का होईना, तिने सगळं माझ्या ओटीत घातलं. आणि धाकटीला तिचा स्वतःचा ठिपका द्या. दुसरीच्या खुणेवर कोणालाच धड नांदता येत नाही.