पाहुण्यांसाठी रंगवलेला फ्रीझर

मी एक जुना फ्रीझर आहे. घरात आइसक्रीम ठेवतात तसला नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते. एकदा एक माशी आत डोकावली, तिला शिंक आली, आणि ती शिंक गोठून टणकन खाली पडली. खोटं वाटत असेल तर फरशीला विचारा.

मित्रांनो, मी या प्रयोगशाळेत आलो तेव्हा काय ऐट होती माझी! इथल्या संशोधक ताईंनी माझ्या कप्प्यांत गव्हावरच्या तांबेऱ्याचे नमुने ठेवले. तांबेरा हा पिकाचा रोग. तो मोठा बहुरूपी. कोणता गहू त्याला पुरून उरेल हे शोधायचं तर त्याची जुनी रूपंही जपावी लागतात. ताईंनी शेतं तुडवून ती गोळा केली. त्यांतली काही आता माझ्या पोटाबाहेर जगात कुठेही उरलेली नाहीत.

पुढे मी म्हातारा झालो. यंत्राला धाप लागू लागली. दार सैल पडलं, ते ताईंनी सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलं. ‘सरकारने संशोधनाला जास्त पैसा द्यावा’ असा प्रस्ताव दरवर्षी वर जायचा आणि ‘विचाराधीन’ असा शेरा घेऊन खाली यायचा. अखेर एकदाचं ठरलं. खरंच गरज आहे का, हे पाहायला समिती येणार!

ताई हरखल्या. “येऊ देत. याला बघून दगडालाही पाझर फुटेल.”

आमचे साहेब मात्र दचकले. “पाहुण्यांपुढे हे ध्यान उभं करायचं? आपली काही अब्रू आहे की नाही?”

“अहो साहेब, हे ध्यान दाखवायलाच तर बोलावलंय त्यांना!”

“तुम्ही नमुने सांभाळा, ताई. पाहुणे मी सांभाळतो.”

झालं! ट्यूब कापली, गंजावर पांढराशुभ्र रंग फासला. पणजोबांना बोहल्यावर चढवावं तसा मी उभा.

समिती आली. मी जीव तोडून घरघरलो. छतावरची पाल हादऱ्याने उडाली ती शेजारच्या खोलीत पडली. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! आवाज कसा दमदार! नवीन दिसतोय.”

“नवीन कसला? कधीही बंद पडेल हो,” ताई कळवळल्या.

“तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी फार काळजी करता बुवा!”

निकाल आला : उपकरणं उत्तम आहेत, वाढीव निधीची घाई नाही. वर ‘उत्कृष्ट देखभाल’ अशी पितळी पाटी बक्षीस. ताई शेतांवर गेलेल्या असताना साहेबांनी ती माझ्याच दारावर बसवून घेतली. ट्यूब गेल्याने दार आधीच सैल, त्यात स्क्रू आरपार गेले आणि माझी थंडी भसाभस गळू लागली.

ताई परतल्या तेव्हा वरचा कप्पा वितळलेला होता. त्यांनी नमुन्यांची एकेक नळी उजेडात धरून पाहिली.

“अहो, मान मिळालाय आपल्याला,” साहेब पुटपुटले.

“मानाने थंडी पडते का हो?”

त्यांनी पाटी उपटली, भोकं बुजवली, पुन्हा ट्यूब आवळली. प्रस्ताव पुन्हा वर गेला आहे. आता रोज काम आटोपलं की ताई माझा रंग खरवडत बसतात. गंज दिसायला लागलाय, आणि मला तोच शोभतो.

मित्रांनो, मोडलेलं दुरुस्त करा. जमत नसेल, तर निदान त्याला रंग फासू नका. आणि कुणी मोठी माणसं ओळखीची असतील तर त्यांना निरोप द्या, म्हणावं लवकर या. माझे खालचे कप्पे अजून गार आहेत.