सत्यशीलाबाईंच्या जिभेखालची गोळी

मित्रांनो, मी एक दुखणं उतरवणारी डबी आहे. तशी फार जुनी नाही, पण कोपरे झिजलेत आणि अनुभव भरपूर आहे. कारखान्यात तयार होऊन मी यवतमाळच्या एका दवाखान्यात आले. ऑपरेशननंतर दुखू लागलं की पेशंटनं स्वतः माझं बटण दाबायचं. मी इवलीशी गोळी देते, ती जिभेखाली ठेवायची. सुई नाही, टोचणं नाही! पेशंटच्या अंगठ्यावरची पट्टी ओळखूनच मी उघडते, आणि लागोपाठ गोळ्या मुळीच देत नाही. त्या बाबतीत मी पक्की आहे.

सगळे माझं कौतुक करायचे. मग दारव्ह्याच्या सत्यशीलाबाई आल्या आणि माझी पार अब्रू गेली.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. लवकर चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण गोळी घेऊनही दुखणं उतरेना. पाय टेकवला की डोळ्यांत पाणी.

"हे डबडं बिघडलं वं सिस्टर, मले सुईच द्या!" त्या म्हणाल्या. साधना सिस्टर मला कपाटात ठेवायला निघाल्या. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात गावाकडच्या शेजारीण रामीबाई भेटायला आल्या. सिस्टरांच्या आग्रहानं सत्यशीलाबाईंनी शेवटची एक गोळी नुकतीच जिभेखाली ठेवली होती.

"काहून इतकी सुकली वं बाई?"

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला अख्खं गाव लोटतं, आणि आल्या माणसाशी न बोलणं म्हणजे त्याचा अपमान! बाईंनी गोळी गटकन गिळली आणि हकीकत पहिल्यापासून सुरू केली.

साधना सिस्टरांना हसू आवरेना. "आजी, गोळी गिळल्यावर गुण कसा येईन? विरघळेपर्यंत गप्प राहा लागते!"

"अन् पावण्याशी कोन बोलन?"

"मी बोलतो ना तुह्या जागी," त्यांचे मालक पंजाबराव खुर्चीतून म्हणाले. "कव्हाचा मौका पाहून राह्यलो!"

पुढच्या गोळीला त्यांनीच हकीकत सांगितली, तीही अर्धी चुकीची. सत्यशीलाबाईंची जीभ नुसती वळवळली, पण ओठ काही उघडले नाहीत. रामीबाईंनीही प्रश्न आवरले आणि मैत्रिणीचा हात हातात धरला. गोळी विरघळली, ठणका ओसरला. संध्याकाळी सिस्टरांच्या आधारानं बाई दारापर्यंत चालल्या. मला तर आनंदानं टुणकन उडावंसं वाटलं! दारातून बाई मागे वळल्या.

"आता आयका, खरं काय झालतं ते!"

मित्रांनो, मला आपटू नका, पाण्यात भिजवू नका, एवढं तर मी मागतेच. पण आजाऱ्याला भेटायला गेलात, तर विचारपूस थोडी उशिरा करा. आधी नुसता हात धरून बसा. माझी गोळी तेवढाच वेळ मागते.