तुळस राहिली

दीनानाथांचं धोतर तिसऱ्यांदा सुटलं, तेव्हा इशिताने कंपासपेटीतून सेफ्टी पिन काढली.

"हलू नका पप्पा. ही धोती ना, बिल्कुल ऐकत नाही यार!"

"धोती नाही. धोतर."

"अच्छा, धोतर. पण गुरुजी लोक पिन लावतात का?"

"नाही लावत," ते म्हणाले आणि आरशाकडे पाठ करून उभे राहिले.

एकोणीस वर्षं मानेसरच्या कारखान्यात गिअरचे दात तपासणारा माणूस आज सत्यनारायण सांगायला निघाला होता. लाइन बंद होऊन नोकरी गेली त्याला आठ महिने होत आले. तेवढ्या काळात सात मुलाखती झाल्या. एक्कावन्न हे वय ऐकलं की समोरचा एकदम अदबीने पाणी पुढे करायचा. वडिलांची भिक्षुकी नको म्हणून तर त्यांनी डिप्लोमा केला होता. पोथी मात्र लहानपणी कानावर पडून पडून पाठ झाली होती. तसं ते एकदा इशितासमोर बोलून गेले आणि पोरीने न विचारता दिल्लीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'दीनानाथ गुरुजी, द्वारका. सत्यनारायण, वास्तुशांत.' पुढे जोडलेल्या हातांचे तीन इमोजी. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुग्रामहून कुणा सुनयनाताईंचा फोन आला, आणि 'नाही' म्हणायला उघडलेल्या तोंडातून 'रविवारी येतो' निघालं.

चौदाव्या मजल्यावर दार उघडलं ते कारखान्यातल्या विश्वजितने. रेशमी सोवळं, खांद्यावर उपरणं. आठ महिन्यांपूर्वी ह्याच माणसाने प्लांट हेडच्या केबिनमध्ये त्यांच्यापुढे पत्र सरकवलं होतं. 'मनाला लावून घेऊ नका, दीनानाथजी. इथे सही करा.'

दोघंही उंबऱ्याच्या दोन बाजूंना तसेच राहिले.

"अहो, गुरुजींना आत तरी घ्या!" मागून सुनयनाचा आवाज आला.

परत फिरावं म्हणून दीनानाथ वळले, तोच पिन कमरेला टोचली. ते आत गेले.

"पाटावर बसा. उजव्या हातात पाणी घ्या. असं नाही. परत."

विश्वजित सांगेल तसं करत होता. आचमन दीनानाथांनी त्याच्याकडून दोनदा करवून घेतलं. दुसऱ्या वेळची गरज नव्हती, हे त्यांचं त्यांना कळत होतं.

"कशासाठी संकल्प सोडायचा?"

"ह्यांच्या प्रमोशनसाठी," सुनयना म्हणाली. "हेड ऑफिसला घेताहेत. दिवाळीपर्यंत होईलच. हो ना, अहो?"

विश्वजितच्या तळहातावरचं पाणी हललं. दोन थेंब पाटावर पडले. केसाएवढा फरक ओळखायची सवय लागलेली नजर त्या थेंबांवरून त्याच्या चेहऱ्यावर गेली.

तुळशीची पानं तबकात होतीच. दीनानाथांनी आपल्या उपरण्याचं टोक त्या पानांवर पडू दिलं.

"ताई, तुळस राहिली. ताजी खुडून आणा. मंजिरीसकट."

सुनयना बाल्कनीकडे गेली. विश्वजित हातातल्या पाण्याकडेच बघत होता.

"मलाही पत्र मिळालं, दीनानाथजी. दोन महिने झाले. हिला सांगितलेलं नाही. रोज साडेसातला निघतो आणि मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो."

ह्या माणसाला दीनानाथांनी मनातल्या मनात आठ महिने काय काय सुनावलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

सुनयना तुळस घेऊन आली, शेजारी बसली आणि नवऱ्याच्या हाताला बोटं टेकवून तिने डोळे मिटले. दीनानाथांनी संकल्प सुरू केला. वडिलांसारखा, भरभर, नाकातून. त्यात बढती नव्हती. पोटापाण्याचं काम मिळू दे, एवढंच त्यांनी संस्कृतात मागितलं. संकल्पात 'माझ्यासाठी' असं म्हणायचं असतं. गुरुजी आधी म्हणतात, यजमान मागून. 'मम,' दीनानाथ म्हणाले. 'मम,' विश्वजित म्हणाला.

पूजा संपल्यावर विश्वजित पाया पडायला वाकला. बराच वेळ उठला नाही. दीनानाथ खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. गुरुजी आशीर्वाद देताहेत असं समजून सुनयनानेही हात जोडले.

घरी इशिता दारातच उभी होती.

"कसं झालं? कोण लोक होते?"

"बरे होते." त्यांनी पिन काढून तिच्या कंपासपेटीत ठेवली. "उद्या तू शाळेतून येशील तेव्हा बाहेरच्या खोलीत एक काका बसलेले असतील. लॅपटॉप घेऊन."

"कोण काका? किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. परवाही येतील. चहा दे त्यांना." ते धोतराची घडी घालत राहिले. "आणि इशिता, हे ग्रुपवर टाकू नकोस."