वशिंडाची जागा

आमच्या घरच्या झुलीला पुढच्या बाजूला एक गोल भोक असायचं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल टाकली की त्यातून त्याचं वशिंड वर यायचं. सासूबाईंनी मला शिकवलं ते असं की, तांबडं कापड आधी बैलाच्या पाठीवर टाकायचं, वशिंडाभोवती कोळशाने रेघ ओढायची आणि मगच कात्री लावायची. आरसे, कवड्या, गोंडे सगळं नंतर. शिरड शहापुरातल्या कितीतरी बैलांची मापं अशी माझ्या हाताखालून गेली. आमचे मालक बैलाच्या तोंडाशी उभे राहून त्याच्याशी काहीबाही बोलत, तो हलू नये म्हणून.

पुढे ट्रॅक्टर आले, आमच्यासारख्या थोड्यांकडेच बैल उरले. झुली पेटीत गेल्या.

त्या बाहेर काढल्या माझ्या सुनेने, शिवकन्याने. बचतगटाच्या प्रदर्शनाला तिने हिंगोलीत एक झूल टांगली, तर शहरातल्या एका बाईने ती भिंतीवर लावायला म्हणून नेली. मग फोनवर मागण्या येऊ लागल्या. फक्त भोक कुणालाच नको होतं. कापड फाटल्यासारखं दिसतं म्हणे. मी म्हटलं, भिंतीला कुठे वशिंड असतं, नको तर नको. त्या पैशांवर घर उभं राहिलं, नातीची फी गेली. शिवकन्याला मी कधी नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही.

काम वाढलं तशा गावातल्या बायका शिवायला येऊ लागल्या. मशिना आल्या. जागा पुरेना. जागा होती ती एकच, गोठा. त्यात पवळ्या एकटा उभा असायचा. त्याच्या जोडीचा बैल गेल्या साली मेला होता. एकट्या बैलाला शेतात काम नसतं.

माझा मुलगा विश्वंभर म्हणाला, पवळ्याला विकून टाकू. मी एवढंच मागितलं की पोळ्यापर्यंत राहू दे. तो हो म्हणाला. मग मी दुपारच्या वेळी, बायका जेवायला गेल्यावर, पवळ्याच्या पाठीवर कापड टाकलं. कोळशाची रेघ ओढली. कितीतरी वर्षांनी भोकाची झूल शिवायला घेतली.

श्रावण सरत आला होता. मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले होते. परत आले तर दावं खुंट्याला तसंच लटकत होतं. बैल विकला तरी दावं कुणी देत नाही.

"पोळ्याआधी गिऱ्हाईक असतं, माय," विश्वंभर म्हणाला. "पोळा झाल्यावर त्याला कोण घेतंय? कळमनुरीकडच्या शेतकऱ्यालाच दिला, त्याचाबी एक बैल गेलाय. जोडीला लागंल कुणाच्या तरी."

बराबरच बोलत होता तो. मी जेवले नाही एवढंच. दोनच दिवसांत गोठा सारवून मशिना तिथं मांडल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या संध्याकाळी मी चुलीवर तूप पातळ केलं, हळद कालवली आणि वाटी घेऊन गोठ्यात गेले. आत गेल्यावर ध्यानात आलं. मशिना थांबल्या. बायका माझ्याकडे बघून राहिल्या. त्यांतल्या रूपाबाईने पदर तोंडाला लावला. मी वाटी घेऊन तशीच उभी. शिवकन्या उठली, माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाली, "चला आत्याबाई, घरात चला."

पोळा झाल्यावर एका मागणीत एक झूल कमी पडली. पवळ्यासाठी शिवलेली झूल माझ्या खाटेखाली आहे, हे शिवकन्याला ठाऊक होतं. ती बराच वेळ दारात घुटमळली.

"तुमचं मन नसंल तर राहू द्या. मी त्यांना न्हाई म्हणून कळवते."

"ठेवून काय करू? मीबी भिंतीला लावू?"

तिला ते बोलणं लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते, मग माझंच मला वाईट वाटलं. झूल मांडीवर घेतली. त्याच कापडाची एक चकती कापली आणि भोकावर बसवली. कोळशाची रेघ थोडी दिसत होती, ती टाक्याखाली घेतली. मधे एक मोठा आरसा लावला.

परवा त्या गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. शिवकन्याने फोन माझ्यापुढे धरला. पांढरी भिंत, खाली सोफा, वर झूल. मी चष्मा लावून चकती शोधली. चांगली बसली होती. तिथं भोक होतं, हे कुणाला कळणार नाही.