हौदाचा तळ

आमचं म्हातारं, म्हणजे माझे मालक कारभारी, पाण्यात औषध टाकतं ते डाळीला फोडणी दिल्यासारखं. वास सुटला पाहिजे. संभाजीनगरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून अंगणात हौद. तो भरला की क्लोरीनची बाटली उपडी. हौद घासणं मात्र कधीच नाही, कारण या शहरात पाणी ओतून देणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. मीही त्याच मताची. मेंढरांमागं हिंडायचो तेव्हा मेंढरांच्याच डबक्यातलं पाणी प्यायलेली बाई मी. वरच्या लेंड्या फुंकर मारून बाजूला सारायच्या, झालं.

नातसून सत्यशीला वाळूजच्या कंपनीत पाणी तपासते. सातवा महिना लागला तसं तिनं घरच्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. एके सकाळी हौदाचं झाकण काढून तिनं आम्हाला तळ दाखवला. औषधानं जंतू मरतात, पण खाली सडका पाला आणि शेवाळ असलं की औषध त्यात मिसळून क्लोरोफॉर्मच्या भावकीतली रसायनं तयार होतात. गाळ जास्त, औषध जास्त, तर ती भावकीही जास्त. असलं पाणी वर्षानुवर्षं पिणं बरं नाही, म्हणाली.

"क्लोरोफॉर्म म्हंजे बेशुद्ध करायचं ना?" म्हातारं म्हणालं. "तरीच दुपारी झोप लई झकास लागती."

"तुम्ही तर लग्नापासूनच बेशुद्ध," मी म्हणाले.

सत्यशीला हसली नाही. बाळंतपणाला ती माहेरी सिल्लोडला जाणार होती. हौद घासला नाही तर बाळाला घेऊन इथं परत येणार नाही, वाळूजला खोली करू, असं तिनं सांगून टाकलं. माझा नातू शिवम मोबाइलमध्येच बघत राहिला. म्हणजे नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं. माझं पतवंड माझ्या मांडीवर मुतायचं सोडून भाड्याच्या खोलीत मुतणार, हे मला चालणार नव्हतं.

म्हातारं हट्टाला पेटलं. आम्हा मेंढपाळांत पाण्याची परीक्षा जनावर करतं. त्यानं बकरीपुढं हौदाची बादली ठेवली. बकरीनं बादली चाटूनपुसून संपवली आणि वर औषधाच्या बाटलीवरचा कागदही खाल्ला. म्हातारं छाती काढून उभं.

"मग बाळंतपणही बकरीचंच करा, आबा," असं म्हणून सत्यशीला बॅग भरायला गेली.

नळाला पाणी यायचं होतं त्या दिवशी सकाळीच म्हातारं देवळात गेलं तशी मी मोटर लावली आणि पाइप गल्लीत सोडला. शेजारची दगडाबाई मला शिव्या देत बाहेर आली आणि शिव्या देता देता दोन टब भरून घेऊन गेली. म्हातारं परतलं तर गल्लीत लोट वाहत होते. त्याला वाटलं सरकारी लाइन फुटली. चार माणसं गोळा करून त्यानं साऱ्या सरकारचा उद्धार केला, मग पाइपाच्या मागं मागं आपल्याच दारात आलं.

तळाला वीतभर काळा चिखल होता आणि त्यात म्हाताऱ्याची दातांची कवळी. ती उंदरानं पळवली असं ते शपथेवर सांगत आलं होतं. त्यानं कवळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खराटा घेऊन ते हौदात उतरलं.

त्या दिवशी नळाला पाणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सत्यशीला निघाली तेव्हा म्हातारं रिक्षापाशी गेलं. "हौद कोरडा ठाक पडलाय. घासलाय मी. आता तरी येशील ना, माय?"

"औषध कोण टाकणार?"

"तू म्हणशील तेवढंच टाकीन."

"मग येते, आबा."

रिक्षा गेली. जुनी दुपटी धुवायला घरात थेंब नव्हता, म्हणून मी नवीनच शिवायला घेतली.